हेडरचं गॅस्केट सारखं उडतंय, आता कुठलं घालू?

प्रश्न : चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, टर्बो नाही, हेड (इंजिनचा वरचा भाग) अल्युमिनियमचं. त्याला स्टीलच्या पाइपांचा आफ्टरमार्केट (बाहेरून घेतलेला) हेडर, म्हणजे सिलिंडरांतला एक्झॉस्ट गॅस बाहेर नेणारा पाइपांचा जोड, बसवलाय. दोनदा गॅस्केट (हेड आणि हेडरच्या मधलं सील) बदलून झालं तरी सकाळी गाडी चालू केली की टकटक, आणि इंजिन तापलं की आवाज कमी होतो. मित्र म्हणतो कॉपरचं घाल, गॅरेजवाले म्हणतात मल्टिलेअर स्टीलचं घाला, अजून एकजण म्हणतो सिलिकॉन थापून टाक. नक्की काय करू?

उत्तर : तिसरं गॅस्केट विकत घ्यायच्या आधी हेडर खाली काढा आणि जुनं गॅस्केट नीट बघा, कारण ते कुठे गळतंय ते स्वतःच सांगतं. एकाच पोर्टच्या (हेडमधून गॅस बाहेर पडतो त्या भोकाच्या) कडेला काळी काजळी बाहेरपर्यंत ओढली गेली असेल, आणि दोन्ही वेळा तीच जागा असेल, तर गॅस्केटचा दोष नाही, हेडरचा फ्लँज (हेडला बोल्टने बसणारी सपाट पट्टी) वाकलाय. थंड असताना टकटक आणि तापल्यावर शांत हेही तिकडेच बोट दाखवतं, कारण धातू प्रसरण पावून फट मिटते. पाइप वेल्ड करताना फ्लँज ओढला जातो, त्यात तो पातळ असेल तर दोन बोल्टच्या मधे फुगतो, म्हणून हेडर घेतानाच साधारण 10 मिमी जाडीचा फ्लँज बघून घ्यावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

तपासायचं कसं, तर स्ट्रेट एज (अचूक सरळ धातूची पट्टी) सगळ्या पोर्टवरून आडवी ठेवा आणि खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून बघा. 0.1 मिमीची पट्टी अडकत असेल तर ठीक, आरामात आत जात असेल तर फ्लँज मशीनवर घासून सपाट करून घ्या, आणि हो, हेडची बाजूही बघा, तिकडे जुन्या गॅस्केटचे तुकडे चिकटलेले असतात.

आता गॅस्केट. मल्टिलेअर स्टीलच्या पत्र्यांना उंचवटे दिलेले असतात, ते स्प्रिंगसारखे दाबले जातात, त्यामुळे फ्लँज आणि हेड तापताना-थंड होताना कमीजास्त सरकले तरी ते सील धरून ठेवतं. अल्युमिनियम साध्या स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे ही सरकासरक तुमच्याकडे होणारच. पण त्याला दोन्ही बाजू सपाट आणि गुळगुळीत लागतात, वाकड्या फ्लँजवर ते ग्रॅफाइटच्या गॅस्केटपेक्षाही लवकर गळतं. ग्रॅफाइटचं, म्हणजे आत जाळीदार पत्रा आणि वर मऊ थर असलेलं, थोडीफार खाचखोच भरून काढतं, मात्र एकदा का गॅस बाहेर यायला लागला की ते जळत-झिजत जातं आणि काढलं की पुन्हा वापरता येत नाही. कॉपर मऊ असतं, छान बसतं, पण दाबलं की परत उसळी घेत नाही आणि वापराने कडक होतं. ते दरवेळी मंद लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावं लागतं, हेडर वारंवार काढणाऱ्या रेसिंगवाल्यांना ते परवडतं. तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे : फ्लँज सपाट करून मल्टिलेअर स्टील. ते शक्यच नसेल तर चांगल्या जाडीचं ग्रॅफाइट.

सिलिकॉन नको. एक्झॉस्टसाठी म्हणून विकतात तेसुद्धा साडेतीनशे अंशांच्या आसपासपर्यंतच टिकतं आणि फुल थ्रॉटलला पेट्रोल इंजिनचा गॅस 800 अंशांच्या वर जातो.

अजून एक, बरेचजण बघतच नाहीत : गॅस्केट आधी हेडवर धरा मग हेडरवर, भोक पोर्टपेक्षा चहूबाजूंनी मिलिमीटरभर मोठं हवं. कड आत डोकावत असेल तर ती गॅसच्या वाटेत येते आणि तिथूनच जळायला लागते.

प्रश्न : हेडर बसवल्यापासून चेक इंजिन लाइट, लीनचा (मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त) कोड येतो. इंजेक्टर साफ केले, फ्युएल पंप बदलला, फरक शून्य. गॅस्केटचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, आणि पंपाच्या आधी हेच बघायला हवं होतं. एक्झॉस्टमधला गॅस ठोक्याठोक्याने जातो, दोन ठोक्यांच्या मधे दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो आणि तेव्हा फटीतून हवा आत ओढली जाते. पुढचा ऑक्सिजन सेन्सर ती हवा बघून मिश्रण लीन आहे असं सांगतो, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) विनाकारण पेट्रोल वाढवत बसतो. इंजिन थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरला लावा आणि हेडरच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे कुठे येतात ते लगेच दिसेल. लीक सापडलं तर टाळाटाळ करू नका, बॉनेटखालचा गॅस केबिनच्या हवेत शिरू शकतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : बोल्ट सारखे ढिले होतात, जास्त आवळू का?

उत्तर : नको, हेडचे आटे जातील. मधल्या बोल्टपासून बाहेर, तीन फेऱ्यांत थोडं थोडं आवळत टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत जा. गाडी एकदा पूर्ण तापवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग पुन्हा तपासा, ग्रॅफाइट आणि कॉपरला तर हे लागतंच. आट्यांना निकेलवालं अँटीसीझ (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावलं असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ओढला जातो, म्हणून मॅन्युअलचा आकडा कोरड्या आट्यांचा आहे का ते आधी बघा. आणि काही इंजिनांत स्टडचं (हेडमधे बसवलेल्या आटेवाल्या दांड्याचं) भोक थेट पाण्याच्या जॅकेटमधे (कूलंट फिरतं त्या पोकळीत) उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लावल्याशिवाय स्टड बसवू नका, नाहीतर कूलंट आट्यांतून झिरपत राहतं.