‘गाव कोणतं तुमचं?’ या प्रश्नाला अडखळणारी माणसं

सोयरीक असो, एसटी असो की दवाखान्याचा बाक, आपल्याकडे पहिला प्रश्न गावाचा. त्याला अडखळणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे सतत येतात. बदल्यांवर फिरलेले गुरुजी, वनखात्यातले कर्मचारी, व्याघ्र प्रकल्पातून उठवलेली कुटुंबं. गाऱ्हाणं एकच: “आपलं म्हणावं असं गाव नाही.”

त्यातल्या एका ताईंबद्दल लिहिते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. माहेर वैनगंगेकाठचं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. 1988 मध्ये प्रकल्पाची पायाभरणी झाली, पण पाणी दारात यायला बरीच वर्षं गेली. तोवर ताई लग्न होऊन निघाल्या होत्या. नवरा जिल्हा परिषदेचा शिक्षक. नागभीड, सिंदेवाही, पोंभुर्णा अशा बदल्या, शेवटी मूल या गावी स्वतःचं घर. मुलाच्या सोयरिकीत पाहुण्यांनी गाव विचारलं आणि त्या रडायलाच लागल्या.

“अंगणात काय लावता?” मी विचारलं.

“सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक.”

“लिंबू नाही?”

“लिंबाले फळ याले चार वर्सं लागते मॅडम. तोवर बदली होते.”

नवरा निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता.

अशा वेळी धानाचा दाखला देऊन मोकळं होणं सोपं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवले तरी पीक येतंच ना! पण धानाला वाफा आठवत नाही, माणसाला आठवतो. म्हणून मी तो दाखला कधी देत नाही.

“गाव पाण्यात गेलं तेव्हा कुठे होता?”

“सिंदेवाहीले. भावाचा फोन आलता. सासू म्हने, तुले काय त्याचं, तू त आता इकडची.”

मोबदला, भूखंड या बोलण्यांत भाऊ होते. लेकीचंही काही गेलं, हे कोणी धरलंच नाही. इथे मी घाई केली नाही. दोन भेटी त्या फक्त माहेराबद्दल बोलल्या.

मग विचारलं, “तुमच्या आईचं गाव कोणतं?” त्यांनी पटकन दोन नावं सांगितली, आजोळाचं आणि बुडालेल्या गावाचं.

“आईला दोन गावं चालली. तुम्हाला एकच पाहिजे, हा नियम कोणाचा?”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माह्याच दिसते.”

माझा भर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर आहे. घटना बदलता येत नाही, पण तिच्याभोवती आपण घट्ट धरलेला नियम तपासता येतो. मात्र आधी दुःखाला जागा, मग तपासणी. हा क्रम उलटला की सल्ला अपमानासारखा लागतो.

घरी करता येईल ते असं. मोठ्या कागदावर राहिलेली सगळी गावं क्रमाने लिहा. प्रत्येकापुढे चारच गोष्टी: तिथे नावाने हाक मारणारं कोण होतं, तिथे काय शिकलात, काय सुटलं, आजही फोन करता येईल असा एक माणूस. एका बैठकीत दोनच गावं, अर्ध्या तासात. बहुतेकजण घरमालक आणि भाडंच लिहीत बसतात, किंवा गावांना पहिला-दुसरा नंबर देतात. नंबर लावले की बाकीची गावं आपोआप हलकी ठरतात आणि कागद वाया जातो. ताईंच्या कागदावर नागभीडपुढे शिवणकाम आलं, सिंदेवाहीपुढे बाळंतपणात रात्रभर बसलेली शेजारीण.

जुन्या गावी जायचं तर थेट पडक्या घराकडे किंवा पाण्याच्या काठावर जाऊ नका, तेही एकट्याने. आधी माणसांना भेटा. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर भरणारी मंडई, म्हणजे गावची जत्रा, त्यासाठी उत्तम. लेकी-जावई येतात, रात्री नाटक असतं, चुलत्या-मावश्या एकाच जागी भेटतात. पुनर्वसनाच्या गावठाणातल्या मंडईला ताई भावाकडे दोन दिवस राहून आल्या. सोयरिकीसाठी उत्तरही बसवलं: “माहेर वैनगंगेकाठचं, धरणात गेलं. आता मूलला राहतो.” रडू आलं तर येऊ द्यायचं, हेही ठरलं. अंगणात लिंबू लागला आहे, बोरवेलच्या जरा जास्तच जवळ, असं माझं मत.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर कागदावर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.