संभाजीनगरच्या समलिंगी लोकांचा इतिहास जपायचा आहे, इन्स्टाग्रामवर पान काढू का?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "पण मराठवाड्यात असा इतिहास असेल का?" आधी त्याचंच बोलतो, कारण हे वाक्य ऐकून कान किटले आहेत.

उर्दू कवी सिराज औरंगाबादी अठराव्या शतकात याच शहरात बसून एका तरुणावरच्या प्रेमाची मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, लिहून गेला. त्याला आजच्या अर्थानं 'गे' म्हणू नका, पण "हे मुंबईचं खूळ" म्हणणाऱ्याला एवढं नाव पुरे. १९४८ पर्यंत आपण निजामाकडे होतो, म्हणून इथे ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नव्हे, तर हिजड्यांवरचा हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा कायदा शोधा: १३२९ फसली (फसली म्हणजे निजामाच्या कारभारातलं सन). फसलीत ५९० मिळवा, १९१९ येतं. कागद उर्दूत असतात, तेव्हा वाचणारा सोबत हवा. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत 'समलिंगी' शोधत बसू नका, 'अनैसर्गिक कृत्य' शोधा. आणि दंड संहितेतल्या कलम ३७७ चे ('अनैसर्गिक' संबंधांचे) खटले मोजून इतिहास होत नाही. मुलांवरच्या अत्याचारालाही तेच कलम लागायचं.

पण कागद थांबतील, साठीपुढची माणसं थांबणार नाहीत. मुलाखती आधी घ्या.

इथेच सगळे चुकतात. एका मुलाखतीत नाव बदललं, आडनाव काढलं, गावाचा 'एक तालुका' केला. राहिलं इतकंच: नोकरी कंडक्टरची, वडील भजनात पखवाज वाजवायचे, लग्न दोनदा मोडलं. मजकूर वाचणाऱ्या पहिल्याच माणसानं विचारलं, "हा अमक्याचा पोरगा ना?" चूक नावात नव्हती, तीन गोष्टी एकत्र येण्यात होती. तेव्हापासून नियम असा: नोकरी, घरचे, गाव आणि साल यांतल्या किमान दोन गोष्टी काढायच्या किंवा ढोबळ करायच्या. तपासायला कोणाला वाचायला द्यायचं, तेही बोलणाऱ्यानंच ठरवायचं. आवाज तर थेट ओळख आहे, म्हणून बाहेर द्यायचा तो टाइप केलेला मजकूर.

मुंबई-पुण्याचे कार्यकर्ते म्हणतात, चेहरा दिसल्याशिवाय चळवळ नाही. त्यांचं जन्मगाव एक आणि राहण्याचं शहर दुसरं असतं. इथे माणूस राहतो त्याच गल्लीत त्याच्या भाचीचं स्थळ बघायला पाहुणे येतात. जपणं आणि दाखवणं ही दोन कामं आहेत, संमतीही दोन घ्या: एक रेकॉर्डिंगची, दुसरी ते कधी उघडायचं याची. "आई असेपर्यंत नको" हीसुद्धा मुदतच, तशीच लिहून घ्या. फाइलला फक्त क्रमांक द्या. क्रमांक आणि नावांची यादी वेगळ्या पाकिटात, दुसऱ्या शहरातल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट मागवू नका, आवाज दाबला जातो. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर प्रत्येक शब्दाखाली येते आणि नंतर नीट निघत नाही. कूलर बंद करून वीस-वीस मिनिटं बोला, नाहीतर दिवाळीनंतर या. प्रती तीन, त्यातली एक गावाबाहेर.

फोटो ६०० डीपीआयवर टिफमध्ये स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून ओढू नका, फाटतात. पानासकट स्कॅन करा. जुन्या पावत्या, तिकिटं लॅमिनेट करायची हौस नको, थर्मल कागद गरम झाला की काळा पडतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, पुठ्ठ्याची पेटी बरी. ती भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते. फोनवर काढलेल्या फोटोत जागेचा ठावठिकाणा दडलेला असतो, बाहेर द्यायच्या प्रतीतून तो काढा. मूळ प्रतीत राहू द्या.

एड्स प्रकल्पांची जुनी रजिस्टरं कोणी दिली तर घेऊ नका. त्यांत नावं असतात, भेटायच्या जागा असतात, आणि एचआयव्हीची माहिती उघड करायला २०१७ चा कायदा मनाई करतो.

इन्स्टाग्रामचं पान काढा की. त्यावर सिराज टाका, कात्रणं टाका (आरोपींची नावं झाकून), मुलाखती नकोत. कोणाला स्वतःचं खरं नाव हवंच असेल, तर मात्र अडवू नका. फक्त सही त्याच दिवशी नको, महिन्यानं पुन्हा विचारून घ्या.