गोटी सोड्याच्या बाटलीत गोटी आत घालतात कशी, आणि पिताना ती आडवी का येते?

तुम्ही तीन गोष्टी एकदम विचारल्यात: गोटी आत कशी गेली, झाकण नसताना गॅस टिकतो कसा, आणि दादर स्टेशनाबाहेर घेतलेली बाटली तोंडाला लावली की दर वेळी गोटी मध्ये का येते. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, ते आज संध्याकाळीच कामाला येईल.

बाटलीचा गळा नीट बघा. खांद्याच्या वर तो आवळलेला असतो. त्याच्या वर गोटीला हिंडण्यापुरती छोटी खोली असते आणि त्या खोलीत एकाच बाजूला काच दोन ठिकाणी आत दाबलेली दिसते. हे खळगे शोभेसाठी नाहीत. पिताना ती बाजू खाली, म्हणजे तुमच्या हनुवटीकडे ठेवायची. गोटी घरंगळत येते, त्या दोन उंचवट्यांवर अडते आणि सोडा तिच्या वरून वाहतो. बाजू उलटी धरली की गोटी थेट तोंडाशी येऊन भोक बुजवते. मग जोर लावून ओढण्यात अर्थ नाही, ओढल्याने ती आणखी घट्ट बसते. बाटली उभी करा, गोटी खाली पडू द्या, बाटली फिरवा आणि पुन्हा लावा. खळगे बरोबर बाजूला असले तरी बाटली पार उलटी करू नका. शेवटच्या घोटासाठी मान मागे टाकली की गोटी उंचवटे ओलांडून पुढे येतेच. बेताने तिरकी धरून सावकाश प्यायचं, इतकंच.

आता झाकणाचं. बाटलीच्या तोंडाच्या आत गोल खाच असते आणि तीत रबराचं वॉशर बसवलेलं असतं. गॅस गोटीला खालून वर ढकलतो आणि गोटी वॉशरवर दाबून बसते. गॅस जितका जास्त, तितकं हे झाकण पक्कं. बाहेरून काही आवळावं, ठोकावं लागत नाही. इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं, त्यातली खरी हुशारी हीच.

भरताना मात्र बाटली उलटी करावी लागते, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. रिकामी बाटली उभी असताना गोटी आवळलेल्या भागावर बसलेली असते. तो भाग पुरता गोल नसल्यामुळे सरबत आणि पाणी गोटीच्या कडेने खाली उतरतं. वर थोडी जागा रिकामी ठेवतात. मग बाटली मशीनच्या चौकटीत अडकवतात, तोंडावर गॅसची नळी येते आणि हँडल फिरवून चौकट बाटलीसकट गरगरा फिरवतात, म्हणजे गॅस पाण्यात मुरतो. थांबवताना तोंड खाली ठेवून थांबवायचं. गोटी वजनाने वॉशरवर पडते, नळीचा गॅस बंद केला की आतला दाब तिला तिथेच धरून ठेवतो. हाताने फिरवायच्या मशीनला वीजही लागत नाही. रिकाम्या बाटलीत घरी सरबत भरून काही होत नाही ते यामुळेच: दाब नाही तर झाकण नाही. खायचा सोडा आणि लिंबू घालून दाब तयार करायचा प्रयोग तर कोणी करू नये, काचेची बाटली किती सोसेल हे बाहेरून कळत नाही.

गोटी आत जाते ती काच गरम असताना. आधी रुंद तोंडाची बाटली बनते, तीत गोटी सोडतात, मग तोंड पुन्हा तापवून अरुंद करतात. वॉशर नंतर बसतं. प्लॅस्टिकच्या तोंडाच्या बाटल्यांत गोटी टाकून वरचा तुकडा बसवला की झालं.

उघडताना लाकडी किंवा प्लॅस्टिकची दांडी गोटीवर ठेवून तळहाताने एकच दणका द्यायचा. जोर किती लागतो याचा हिशोब सोपा आहे. वॉशरचं भोक १२ मिलिमीटर धरलं तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १.१ चौरस सेंटिमीटर. थंड बाटलीत दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब धरला, तर गोटीवर साडेतीन किलोच्या आसपास भार येतो. सोडावाले नुसत्या अंगठ्याने उघडतात ते यामुळे जमतं. मे महिन्यात तीच बाटली उन्हात राहिली की भार दुपटीवर जातो, कारण गरम पाण्यात गॅस मावत नाही: हवेच्या नेहमीच्या दाबाला १ लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे १.७ लिटर, तर ३० अंशांना जेमतेम ०.७ लिटर. अशी बाटली उघडली की निम्मा सोडा शर्टावर. बर्फातली बाटलीच मागा आणि ती हलवू नका. मुंबईतल्या जुन्या दंगलींत आणि टोळ्यांच्या मारामाऱ्यांत सोड्याच्या बाटल्या फेकल्या जायच्या, त्यामागेही हाच दाब.

गोटी खाली गेल्यावर दांडी लगेच उचलायची नाही, पाचेक सेकंद दाबून धरायची. लगेच उचलली तर फेस गोटीला उचलून पुन्हा वॉशरवर नेतो आणि बाटली परत बंद होते.

सोडा बेचव निघाला तर दोष बहुधा वॉशरचा. रबर जुनं होऊन कडक झालं किंवा गोटीला टवका गेला की गॅस हळूहळू सुटतो. न उघडलेल्या बाटलीच्या तोंडावर पाण्याचे दोन थेंब टाका, बुडबुडे आले तर ती परत द्या. त्याच वेळी वॉशरच्या खाचेतही डोकावा. गोटीमुळे ब्रश आत नीट पोहोचत नाही आणि खाचेत मळ साचतो. काळी रेघ दिसली तर दुसरी बाटली घ्या, किंवा सरळ दुसरं दुकान बघा. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर असलेली बाटली घेतलेली बरी.

धुण्याच्या याच कटकटीमुळे पत्र्याचं बूच पुढे गेलं. ते अमेरिकेतल्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पेटंट केलं. इराण्याकडची लाल रास्पबेरी त्या बुचाची, तिला गोटी सोड्यात धरू नका. जपानमध्ये मात्र रामुने नावाचं पेय आजही गोटीच्या बाटलीत मिळतं.

मसाला सोडा करणार असाल तर मीठ आधी ग्लासात टाकू नका. मिठाच्या कणाकणावर बुडबुडे धरतात आणि सगळा सोडा एकदम उसळतो. आधी लिंबू, मग ग्लासाच्या कडेने सोडा, वर तीन बोटं जागा, आणि काळं मीठ व जिरेपूड सगळ्यात शेवटी, चिमटीचिमटीने. एकदम टाकलंत तर खाली ताटली लागेल.