चुंबकी स्फटिकांचे संशोधन की बी.एड.? खानापूरच्या पालकांना उत्तर

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बेळगावात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, थरयुक्त पदार्थांत चुंबकी आयन (विद्युतभार असलेले अणू) बसवण्याच्या संशोधनाचा तिला ध्यास लागला आहे, आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने बी.एड. करून आपल्याच तालुक्यात शिक्षिका व्हावे अशी आपली इच्छा आहे, असे आपण कळवले आहे. या विषयाला पुढे काय आहे, हा आपला प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी विषयाबद्दलच लिहितो.

निओबियम धातू आणि गंधक यांचे संयुग असलेल्या निओबियम डायसल्फाइडचे थर एकमेकांना सैलसर धरून असतात आणि त्यांच्यामधल्या फटींत लोह, क्रोमियम किंवा कोबाल्टचे आयन ठरावीक जागी बसवता येतात. तीन निओबियम अणूंमागे एक क्रोमियम बसला, की सुमारे १३० केल्विनखाली, म्हणजे उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास, आयनांची चुंबकी दिशा थरागणिक थोडी थोडी वळत जाते आणि साधारण ४८ नॅनोमीटरमध्ये (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तिचा एक फेरा पूर्ण होतो. त्याच प्रमाणात लोह बसवले, तर विरुद्ध दिशांचे आयन एकमेकांचा प्रभाव पुसून टाकतात. तशाच थरांच्या टँटलम डायसल्फाइडमध्ये मात्र चार टँटलम अणूंमागे एक लोह बसवले, तरी पदार्थ लोहचुंबकी होतो, म्हणजे सगळ्या आयनांची दिशा एकच होते. दूरदूर बसलेल्या या आयनांचा संबंध पदार्थातून वाहणारे इलेक्ट्रॉन जोडतात. माहिती साठवण्याच्या पुढच्या पिढीच्या उपकरणांसाठी जगभर अशा पदार्थांचा अभ्यास चालू आहे.

आयनांचे प्रमाण जरासे चुकले तरी चुंबकी वर्तन बदलते, आणि ते प्रमाण भट्टीत ठरते: बंद क्वार्ट्झ नळीत, आयोडीनच्या वाफेच्या साहाय्याने, कित्येक दिवस सावकाश वाढवलेल्या स्फटिकात. हे काम रसायनशास्त्राचे आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की तिने रसायनशास्त्र सोडू नये, आणि एम.एस्सी.साठी विभाग निवडताना तिथे स्फटिक प्रत्यक्ष वाढवले जातात का, हे नावलौकिकाच्याही आधी विचारावे. संशोधनाचे विषय बदलतात. स्फटिक वाढवणे, क्ष-किरणांनी त्याची रचना तपासणे आणि अतिशीत तापमानाला मोजमाप करणे ही कौशल्ये मात्र बॅटरी व अर्धवाहकांच्या (सेमीकंडक्टरच्या) उद्योगांतही उपयोगी पडतात.

तिसऱ्या वर्षी तिने जॅम, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी. ती इंग्रजीत असते, पण बी.एस्सी. इंग्रजीतून करणाऱ्या मुलीला त्याचे भय नको. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा पर्यायही खुला ठेवावा. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येते. म्हणून तो निर्णय आपण आज घेऊ नये, ही विनंती.

आपला,
करिअर मार्गदर्शक