बॉन्डचं वर्ष कुठे काढू?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजला एमबीबीएसच्या फायनल इयरला आहे. इंटर्नशिप झाली की बॉन्डचं म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं एक वर्ष, नाहीतर १० लाख भरायचे. घरी शेती आहे, बाबा म्हणतात कर्ज काढू पण तू पुण्यात राहून नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास कर. एक सिनियर म्हणतो प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये आरएमओ (निवासी डॉक्टर) हो, नाईट कर आणि उरलेल्या वेळात वाच. मला स्वतःला मेळघाटातल्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जावंसं वाटतंय पण तिथे एकटी पडले आणि हातून काही चुकलं तर, या विचाराने झोप येत नाही. काय करू?

उत्तर : आधी १० लाखांचं बोलते. शेतीवर कर्ज काढून बॉन्ड सोडवायचा नाही, अजिबात नाही. पीजीची सीट कधी लागेल कुणी सांगू शकत नाही, व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू होतं.

आरएमओची नोकरी वाईट नाही, पण बॉन्ड त्याने फिटत नाही हे तुझ्या सिनियरला माहीत असेलच. आणि बऱ्याच ठिकाणी काम असं असतं की पेशंट आला, कन्सल्टंटला फोन केला, त्यांनी सांगितलं ते लिहिलं, संपलं. निर्णय तुझा नसतोच.

पीएचसीत उलट. आदिवासी भागात एका पीएचसीमागे साधारण २० हजार लोकसंख्या धरतात. ओपीडी, बाळंतपण, विंचू, साप, कुपोषित बाळ, पोस्टमॉर्टेम, सगळं तुझ्या दारात. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळ पीएचसीत असताना लाल विंचू चावलेल्या पेशंटच्या इतक्या बारीक नोंदी ठेवल्या की १९८२ ला त्या लॅन्सेटमध्ये आल्या, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने किती जीव वाचले. तू तेवढं कर असं म्हणत नाहीये मी, पण शिकायला तिथे काही मिळत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

आता भीतीचं. ती खरी आहे आणि असायलाच हवी. माझी पहिली पोस्टिंग मेळघाटातलीच. दुसऱ्या महिन्यात रात्री दोनला एका कोरकू बाईचं बाळंतपण झालं, वार पडली आणि रक्त थांबेना, गर्भाशय लोण्यासारखं मऊ. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन चालू केलं, माझे हात थरथरत होते. लेबर रूममध्ये रेंज नव्हती, म्हणून शिपाईकाका व्हरांड्याच्या टोकाला फोन धरून उभे, पलीकडे धारणीच्या सिनियर डॉक्टर मॅडम, त्या सांगायच्या आणि काका आतपर्यंत ओरडून सांगायचे, एक हात आतून मूठ करून लाव, दुसरा पोटावरून दाब, सोडू नकोस. २० मिनिटं मी दाबून धरलं, सिस्टरने दुसरी लाईन टाकली, गाडी येईपर्यंत रक्त थांबलं होतं. ती बाई जगली ती पलीकडे फोन उचलणारं माणूस होतं म्हणून, माझ्या पुस्तकी मार्कांनी नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पगार, गाव, क्वार्टर हे नंतर बघ. त्या पीएचसीत दुसरा एमओ (मेडिकल ऑफिसर) खरंच राहतो का? सिस्टर किती वर्षांची जुनी आहे? सापाच्या विषावरचं इंजेक्शन कपाटात आहे की फक्त रजिस्टरात? १०८ ॲम्ब्युलन्स कुठून निघते? आणि अडलं तर वर कोण आहे, ते रात्री उचलतात का? ही उत्तरं चांगली असतील तर डोळे झाकून जा. नसतील तर दुसरी पीएचसी माग किंवा ग्रामीण रुग्णालय घे, त्यात काही कमीपणा नाही.

अभ्यासाचं खोटं आश्वासन देत नाही. तिथे दिवसाला दोन तास मिळाले तरी खूप, लसीकरणाच्या दिवशी तेही नाहीत. पण पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा असा रक्तस्राव, एकदा हाताने थांबवला की त्यावरचा प्रश्न परत वाचावा लागत नाही. आणि कोरकू थोडी शीक, आशाताई शिकवतील. भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेल्या आईवर ओरडू नकोस, ती पुढच्या वेळी येणार नाही.

इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे मिळतात, ते सही करून घरी पळण्यात घालवू नकोस. त्यातच दोन दिवस काढून मनातली पीएचसी बघून ये, बाबांनाही ने. जमलं तर जुलैत जा, नाले भरलेले असताना रस्ता कसा असतो ते कळेल. आणि लेबर रूममध्ये उभी राहून मोबाईलची रेंज बघ.