स्प्रिंग बदलू नकोस

सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजोबांच्या माळ्यावर सापडलेली छऱ्याची बंदूक तू पुसून स्वच्छ केलीस, ती अजून चालते, पण छर्रा दमदार जात नाही म्हणून तिच्यात नवी, कडक स्प्रिंग बसवून घेण्याचा तुझा विचार आहे, असे तू लिहितोस. तो विचार सोडून दे, एवढेच कळवायला बसलो होतो. पण या बंदुकांचा विषय निघाल्यावर मी एका ओळीत थांबणार नाही, हे तुला ठाऊकच आहे.

माझी डायना सत्तावीस, म्हणजे डायना छापाची छऱ्याची बंदूक, मी नोकरीच्या पहिल्या वर्षी जुनी विकत घेतली. धनुष्य फेकून देऊन बंदूक उंच धरणारी देवी तिच्यावर कोरलेली होती. नळी खाली मोडताना, म्हणजे सांध्यावर वाकवताना, स्प्रिंग दबल्याचा तेलकट कुरकुराट आणि शेवटी खटका अडकल्याचा ‘टक्’ असा आवाज मला आजही झोपेत ओळखता येईल. तुझ्या बंदुकीवर डायनाऐवजी ‘ओरिजिनल’ असे नाव असले तर तिला नक्कल समजू नकोस. दुसऱ्या महायुद्धानंतर डायना बनवणाऱ्या रास्टाटच्या जर्मन कारखान्याची यंत्रे आणि डायना हे नाव दोन्ही ब्रिटनला गेले, त्यामुळे मूळ कारखान्याचा माल तिकडे बरीच वर्षे ‘ओरिजिनल’ या नावाने विकला जाई. बंदूक जर्मन असेल तर मागच्या टोकाशी बारीक अंकांत महिना आणि वर्ष ठोकलेले सापडेल. भिंग घेऊन पाहा.

आता स्प्रिंगचे. तुझ्याच वयाचा असताना मी हाच उद्योग केला होता. एका कारागिराकडून जाड तारेची स्प्रिंग बसवून घेतली आणि आठवडाभर मोठ्या रुबाबात मिरवलो. नळी मोडायला दुप्पट जोर लागू लागला, दर वीस-पंचवीस छऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू ढिले पडू लागले, आणि दहा मीटरवर रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाणारी भोके बशीएवढ्या जागेत पसरली. छऱ्याचा वेग मात्र म्हणावा तसा वाढलाच नाही. स्प्रिंग छऱ्याला ढकलत नाही. ती पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला हाकलते. सिलिंडरात मावणारी हवा तेवढीच राहिली, तर जास्तीचा जोर बंदुकीला हादरे देण्यातच खर्ची पडतो. त्या हादऱ्यांनी अखेर दस्त्याला मनगटाशी, म्हणजे चापामागच्या बारीक भागाशी, चीर गेली. बंदूक मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नेली. तिथल्या वृद्ध कारागिराने आधी बंदुकीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, पण काही न बोलता सतारीच्या दांडीसारखीच ती चीर सरस भरून आवळून दिली. तो सांधा आजतागायत टिकून आहे. जुनी स्प्रिंग मी परत बसवली, हे वेगळे सांगायला नको.

तुझा छर्रा मंद जाण्याचे कारण बहुधा स्प्रिंग नसून पिस्टनच्या तोंडावरचा चामड्याचा वायसर असावा. सायकलच्या पंपात असतो तसाच तो असतो आणि वर्षानुवर्षे पडून राहिला की वाळून आक्रसतो. हवेच्या छिद्रातून तेलाचे दोन थेंब सोड आणि बंदूक रात्रभर नळी वर करून उभी ठेव. दोन म्हणजे दोनच. जास्त तेल गेले तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते, फाटकन आवाज होऊन नळीतून धूर येतो. नदीकाठच्या डिझेल इंजिनात जे मुद्दाम घडवतात तेच इथे नको असताना घडते. २००५ च्या महापुरात माझी बंदूक तीन दिवस पाण्याखाली होती. उघडली तेव्हा आत गाळ आणि फुगून बुळबुळीत झालेला वायसर निघाला. नवा वायसर मी जुन्या चपलेच्या तळव्यातून कापला आणि त्यावर ती अजून चालते आहे.

धरण्याची रीत मात्र नीट समजून घे, कारण इथेच भले भले चुकतात. चाप ओढताच पिस्टन पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. पिस्टन हवेवर आदळून थबकतो तशी ती पुन्हा पुढे झेपावते. छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच ही ओढाताण सुरू झालेली असते, म्हणून घट्ट आवळून काहीही साधत नाही. आपली पकड दर वेळी थोडी वेगळी पडते आणि छर्राही वेगळ्या जागी जातो. द्राक्षाचा घड बोटे न मिटता तळहातावर पेलतात तशी ती डाव्या हातावर नुसती टेकू दे, दर वेळी त्याच जागी. चाप ओढून झाल्यावरही माशीवरची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरची, नजर हलवू नकोस. भोक कुठे पडले हे पाहण्याची घाई मला मोडायला दोन वर्षे लागली.

छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने धरून ठेव. खटका निसटला तर ती बोटांवरच येते. रिकामी कधी उडवू नकोस. पाखरांवर रोखण्याचा प्रश्नच नाही, ते कायद्यालाही मंजूर नाही आणि मलाही. नळी ४.५ मिलिमीटरचीच आहे ना, ते आधी तपास; त्याहून मोठी निघाली किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असली तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागतो.

रविवारी सकाळी इकडे ये. परसात जुन्या चिंध्या ठासून भरलेले पोते भिंतीला लावून ठेवतो. बंदूक न चढवता, चादरीत गुंडाळून आण, आणि आजोबांच्या ट्रंकेत छऱ्यांची पत्र्याची डबी सापडली तर तीही घेऊन ये. शिसे पांढरे पडले नसेल तर त्यांचेच छर्रे आधी उडवू.

तुझा,
काका