रशियाचा पहिला पोर्ट्रेट चित्रकार कोणाला म्हणायचं?

इव्हान निकितिनला. पीटर द ग्रेटने 1716 मध्ये त्याला इटलीला शिकायला पाठवलं. तिथे फ्लॉरेन्सला तोमाझो रेदीच्या हाताखाली शिकून तो परतला आणि दरबारी चित्रकार झाला. पीटरला त्याचं भारी कौतुक. पोलंडच्या राजाचं चित्र त्याच्याकडून रंगवून घे, आपल्या लोकांतही चांगले कलाकार आहेत हे त्यांना कळू दे, अशा अर्थाचं पत्रच त्याने आपल्या बायकोला, कॅथरिनला, लिहिलं होतं.

एकच चित्र बघायचं तर 1725 मधलं ‘मृत्युशय्येवरचा पीटर’ बघा. भरभर मारलेले फटकारे, मेणबत्तीच्या उजेडात सुजलेला चेहरा. मुकुट नाही, पदकं नाहीत. राजाला इतकं साधं माणूस करून दाखवणं त्या काळात धाडसच!

पुढे निकितिनचे हाल झाले. 1732 मध्ये फेओफान प्रोकोपोविच या बड्या धर्मगुरूची बदनामी करणाऱ्या लिखाणाच्या प्रकरणात तो पकडला गेला, कैद भोगली, मग सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपारी. माफी मिळाली, पण परतीच्या वाटेवरच तो वारला.

फक्त ‘पहिला’ हा शब्द जपून वापरा. त्याआधी सतराव्या शतकात ‘पार्सुना’ नावाची व्यक्तिचित्रं होतीच. पण ती देवचित्रांच्या वळणाची, सपाट.